कोळ्यांच्या गुणधर्मांचा डेटाबेस: आधी ओळ, मग पान

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे कोळ्यांच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी साठल्या आहेत. काही वह्यांत, काही एक्सेलमध्ये, उरलेल्या मोबाइलमधल्या फोटोंत. आणखी दोन-तीन गटांना बरोबर घेऊन सह्याद्रीतल्या कोळ्यांच्या गुणधर्मांचा एक सामायिक डेटाबेस त्यांना करायचा आहे. प्रत्येक जातीचे एक पान, आणि त्यावर शरीराची लांबी, जाळ्याचा प्रकार, अधिवास, भक्ष्य, दिसण्याचा हंगाम वगैरे. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे आणि वेबसाइटला साधारण किती खर्च येईल, असे विचारले आहे.

खर्चाचे शेवटी सांगतो. तो भाग सोपा आहे आणि बहुधा फुकटात बसेल. आधी ‘प्रत्येक जातीचे एक पान’ ही कल्पना बाजूला ठेवा, कारण असे प्रकल्प बहुतेक तिथेच अडकतात. पान भरायला बसले की माणूस आपोआप सरासरी लिहितो, आणि एकदा सरासरी लिहिली की मूळ आकडे कुठे गेले ते कोणालाच सापडत नाही.

जायंट वुड स्पायडर घ्या, म्हणजे नेफिला पिलिपेस. पावसाळा ओसरताना घाटरस्त्यांच्या कडेला याची मोठाली जाळी दिसू लागतात. मादीचे शरीर तीन ते पाच सेंटिमीटर, आणि त्याच जाळ्यात एका बाजूला बसलेला नर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. आता पानावरच्या ‘लांबी’ या रकान्यात काय लिहाल? दोघांची सरासरी काढलीत, तर तेवढ्या आकाराचा प्रौढ कोळी त्या जातीत सापडायचाच नाही. फक्त मादीची लांबी लिहिली तरी भागत नाही. कोळ्याचे उदर मऊ असते. अंडी घालायच्या बेतात असलेली मादी आणि अंडी घालून मोकळी झालेली तीच मादी, यांच्या एकूण लांबीत नुसत्या डोळ्यांना कळण्याइतका फरक पडतो. अल्कोहोलच्या बाटलीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नमुन्याचे उदर आक्रसते, ते निराळेच.

शिरोवक्षाचे, म्हणजे डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाचे, कवच मात्र कडक असते. एकदा कात टाकली की पुढची कात टाकेपर्यंत ते वाढत नाही, आणि बहुतेक जातींत प्रौढ झाल्यावर पुढची कात नसतेच. म्हणून आकार मोजायचा तर शिरोवक्षाची लांबी आणि रुंदी मोजा. एकूण लांबीही लिहून ठेवा, कारण जुने साहित्य तिच्यावरच चालते. पण विसंबायचे ते शिरोवक्षावर. आणि एकूण लांबी लिहिताना ती कुठून कुठपर्यंत, हेही सांगायला हवे. जबडे धरून की सोडून? मागचे सूत काढणारे अवयव धरून की सोडून? भातशेतात सापडणाऱ्या टेट्राग्नाथाच्या नराचे जबडेच इतके लांब असतात की या एका प्रश्नावर आकडा बदलतो. वर्तमानपत्रात येणारी ‘तळहाताएवढा कोळी’ ही मापे तर पाय पसरून घेतलेली असतात. ती डेटाबेसच्या आसपासही फिरकू देऊ नका.

तेव्हा एक मोजमाप म्हणजे एक ओळ. बँकेच्या पासबुकात आधी व्यवहार लिहिले जातात आणि शिल्लक त्यातून निघते, तसे हे आहे. एका ओळीत काय काय असावे? त्या कोळ्याला तुम्ही दिलेला क्रमांक, जातीचे नाव, नर की मादी, पिल्लू की प्रौढ, काय मोजले, आकडा, एकक, कशाने मोजले, कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणी ओळखला, कोणी मोजला, आणि माहिती स्वतः घेतलेली की छापील साहित्यातून उचललेली. एवढे रकाने पाहून विद्यार्थी कुरकुरतात. पण यातले निम्मे एका दिवसाच्या कामाला सारखेच असतात, एकदा भरून खाली ओढले की झाले.

कोळ्याचा क्रमांक हा रकाना सगळ्यांत आधी गाळला जातो आणि नंतर सगळ्यांत जास्त नडतो. समजा, भाताच्या बांधावर पार्डोसाची मादी मिळाली. ही लांडगा कोळ्यांच्या कुळातली. अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून घेऊन फिरते. तुम्ही तिच्या शिरोवक्षाची रुंदी मोजली, पिशवीतली अंडी मोजली, पायांची लांबी घेतली. झाल्या तीन ओळी. तिन्हींवर एकच क्रमांक असेल, तर उद्या कोणीही विचारू शकेल की मोठ्या मादीची अंडी जास्त असतात का. क्रमांक नसेल, तर तुमच्याकडे रुंदीची एक यादी आणि अंड्यांची दुसरी यादी उरते, आणि त्यांची जुळणी करायला कोणताही सॉफ्टवेअरवाला येऊ शकत नाही.

आता नावांचे. इथे तुम्हाला शून्यातून काही उभे करायचे नाही. जगातल्या सगळ्या कोळ्यांच्या मान्य नावांची यादी ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’मध्ये आहे. नॉर्मन प्लॅटनिक यांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयात असताना ती कित्येक वर्षे सांभाळली. २०१४ पासून ती स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे आहे. २०२२ मध्ये तिथल्या जातींची संख्या ५०,००० च्या पुढे गेली. नवे शोधनिबंध येतील तशी यादी बदलत राहते, आणि प्रत्येक जातीला तिथे एक कायमचा ओळख-क्रमांक असतो. तुमच्या ओळीत तो क्रमांक टाका, म्हणजे उद्या नाव बदलले तरी ओळ अनाथ होत नाही.

नावे बदलतात, आणि आपल्या ओळखीच्या कोळ्यांचीच बदलतात. जुन्या भारतीय नोंदींत जायंट वुड स्पायडर ‘नेफिला मॅक्युलाटा’ म्हणून भेटतो. ओंबिलांची, म्हणजे झाडांवरच्या लाल मुंग्यांची, नक्कल करणारा उडी मारणारा कोळी कित्येक वर्षे ‘मिर्माराक्ने प्लॅटालिऑइडिस’ होता, आता त्याची प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ‘मिर्माप्लाटा’ आहे. अमेरिकेतली नेफिला क्लाव्हिपेस २०१९ मध्ये ‘ट्रायकोनेफिला’त गेली. म्हणून नावाचे दोन रकाने ठेवा: वहीत किंवा निबंधात जसे लिहिले होते तसे मूळ नाव, आणि आजचे मान्य नाव. मूळ नाव खोडून त्या जागी नवे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा. एक जात फुटून तिच्या दोन झाल्या, तर कोणती ओळ कुठे जाणार हे मूळ नाव, ठिकाण आणि जपून ठेवलेला नमुना या तिघांवरूनच ठरते.

यातूनच ‘ओळख कशावरून’ हा रकाना निघतो. तुमच्याकडे फोटो पुष्कळ आहेत, असे लिहिले आहे. फोटो कामाचेच आहेत. जाळ्याचा आकार, अंड्यांची पिशवी, तोंडात धरलेले भक्ष्य या गोष्टी बाटलीतला नमुना कधीच सांगणार नाही. पण बऱ्याच कोळ्यांची जात ठरते ती मादीच्या जननांगाच्या आणि नराच्या पाल्पच्या (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या) रचनेवरून, आणि त्यासाठी प्रौढ नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. सिग्नेचर स्पायडरसारख्या ठळक कोळ्यांत फोटोवरून जातीपर्यंत जाता येईलही. पार्डोसा, ऑक्सिओपस यांची पिल्ले फोटोवरून प्रजातीपर्यंतच ठेवा. ‘प्रजाती माहीत, जात अनिश्चित’ ही पूर्ण दर्जाची नोंद आहे. ओढूनताणून जातीचे नाव लावलेली ओळ मात्र बाकीच्या चांगल्या ओळीही बिघडवते.

जाळे आणि शिकारीची पद्धत हा वाद ओढवणारा विषय आहे. २०११ मध्ये पेद्रो कार्दोसो आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या कोळ्यांचे शिकारीच्या पद्धतीनुसार आठ गट मांडले: चक्राकार जाळेवाले, चादरी जाळेवाले, त्रिमिती जाळेवाले, स्पर्शतंतूंवर पहारा देणारे, दबा धरणारे, जमिनीवर शिकार करणारे, इतर शिकारी, आणि ठरावीक भक्ष्यावर जगणारे. हे गट वापरा, स्वतःचे नवे काढू नका. पण ते गट मुख्यतः कुळाच्या पातळीवर ठरतात. म्हणजे उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या सॅल्टिसिडी कुळातली जात दिसली की कोणीतरी ‘इतर शिकारी’ लिहून मोकळा होतो, त्या जातीला शिकार करताना कोणी पाहिलेले असो वा नसो. त्याच कुळातला पोर्शिया स्वतः जाळे विणतो, दुसऱ्याच्या जाळ्यात शिरून तंतू हलवतो आणि फसून पुढे आलेल्या मालकालाच खातो. मेक्सिको आणि कोस्टारिकात राहणारा बघीरा किपलिंगी तर बाभळीच्या जातीच्या झाडांवरचे पौष्टिक कण खाऊन जगतो. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा ‘सगळे कोळी मांसाहारी’ हे वाक्य पुस्तकांतून काढावे लागले. कुळावरून लावलेला गुणधर्म लिहायला माझी हरकत नाही, पण त्या ओळीवर ‘अनुमान’ असा शिक्का हवा आणि डोळ्यांनी पाहिलेल्या ओळीवर ‘निरीक्षण’. हा भेद ठेवला नाही, तर पुढे कोणी ‘एका कुळातल्या जातींची शिकारीची पद्धत सारखी असते’ असे तुमच्याच डेटावरून सिद्ध करील, आणि ते सिद्ध होणारच, कारण भरताना तसेच भरले आहे.

तसाच दुसरा भेद म्हणजे ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’. युलोबोरिडी कुळातल्या कोळ्यांना विषग्रंथी नसतात. तिथे ‘विषग्रंथी: नाही’ असे स्पष्ट लिहायचे. इतर कोळ्यांत कोणी तपासलेच नसेल तर ओळच नको. शून्य, डॅश, ‘एनए’ आणि कोरा चौकोन हे चारही एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या अर्थाने वापरलेले मी नेहमी पाहतो.

एक्सेलबद्दल एक सावधगिरी, कारण नुकसान गुपचूप होते. पायांवरच्या काट्यांची मांडणी आपण ‘२-२-२’ अशी लिहितो. इंग्रजी अंकांत ती टाइप करून एंटर दाबले की एक्सेल तिची तारीख करते. ‘५-६ मिमी’मधला ५-६ असाच मे किंवा जून महिन्यात जाऊन बसतो. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी मूळ आकडा परत येत नाही, भलतीच पाच आकडी संख्या समोर येते. म्हणून भरायला सुरुवात करण्याआधीच सगळे रकाने टेक्स्ट करा, आणि ‘५ ते ६’ अशी मर्यादा एका चौकोनात कोंबण्याऐवजी किमान आणि कमाल असे दोन रकाने ठेवा. युरोपातल्या सहकाऱ्याकडून फाइल आली तर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असू शकतो, तेही आधी पाहा.

हंगामाच्या नोंदी घेताना मोहिमेची नोंद विसरू नका. जुलैमध्ये तुमच्या यादीत कोळी कमी दिसतात, ते कोळी कमी असतात म्हणून की धो धो पावसात कोणी बाहेर पडत नाही म्हणून? किती माणसे, किती वेळ, कोणत्या पद्धतीने शोधत होती हे लिहिले असेल तरच याचे उत्तर देता येते. झुडपे झोडपून, गाळणजाळी फिरवून, जमिनीत पेले पुरून, हाताने वेचून, प्रत्येक पद्धतीत वेगळेच कोळी सापडतात.

जुन्या साहित्यातून डेटा काढणे हे पावसाळ्यात घरबसल्या करायचे उत्तम काम आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांचा भारतातल्या कोळ्यांवरचा १९०० चा खंड, आणि मग पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात दीर्घकाळ काम केलेले बी. के. टिकादर यांचे १९८० च्या दशकातले खंड. टिकादरांच्या वर्णनांत एकूण लांबी, मग शिरोवक्ष आणि उदर यांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये सलग दिलेली असते, त्यामुळे ओळी भराभर तयार होतात. पण ही मापे बहुधा एखाद-दुसऱ्या नमुन्याची असतात, तेव्हा नमुन्यांची संख्या हा रकाना इथे हवाच. आकडे संदर्भासह घ्या, चित्रे उचलू नका. आणि थोड्या ओळी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा भरवून पडताळा. एकट्याने भरलेल्या फाइलमध्ये दशांशचिन्ह कुठेतरी सरकलेले असतेच.

ठिकाणाची नोंद अक्षांश-रेखांशात असावी, पण सगळ्यांची उघड करू नका. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती इथे सापडलेल्या निळ्या टॅरंटुलाचे, पोएसिलोथेरिया मेटालिकाचे, वर्णन पोकॉक यांनी १८९९ मध्ये केले. पुढे तो २००१ मध्ये पूर्व घाटातल्या जंगलात पुन्हा सापडला. पाळीव प्राण्यांच्या बाजारात त्याला जगभर मागणी आहे, आणि २०१९ मध्ये ही अख्खी प्रजाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेली. असल्या कोळ्यांचे झाड न् झाड दाखवणारे निर्देशांक जाहीर करणे म्हणजे पकडणाऱ्याला पत्ता देणे. जाहीर फाइलमध्ये तालुका पुरे; अचूक जागा तुमच्याकडे बंद ठेवा. अभयारण्यातून नमुने घेतले असतील तर वनखात्याच्या परवानगीचा क्रमांक संचासोबत लिहा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ज्यावरून सामायिक प्रकल्प मोडतात ते: श्रेय. एका मोठ्या सामायिक कामात सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मापे घेणाऱ्या मुलींची नावे शेवटी आभाराच्या परिच्छेदातही आली नाहीत, हे मी जवळून पाहिले आहे. त्या गटाकडून नंतर एक ओळही कोणाला मिळाली नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. म्हणून पहिल्या बैठकीतच एका पानाचा करार करा. कोणाचा संच कोणाच्या नावाने राहील, तो वापरणाऱ्याने काय उद्धृत करायचे, पीएचडी चालू असलेल्या मुलाचा संच किती काळ बंद राहील, माघार घ्यायची असेल तर काय. सगळ्यांच्या ओळी एकत्र ढवळून एकच अवाढव्य फाइल करू नका. प्रत्येक गटाचा संच वेगळा ठेवा, त्याला स्वतःचा डीओआय क्रमांक (उद्धृत करण्यासाठीचा कायमचा ओळख-क्रमांक) घ्या आणि मोजणाऱ्यांची नावे लेखक म्हणून घाला. झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर हे फुकट होते आणि फाइल ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवण्याची सोयही तिथे आहे.

त्यापुढे माझा सल्ला असा: स्वतःची वेबसाइट बांधू नका. कोळ्यांच्या गुणधर्मांचा जागतिक डेटाबेस, ‘वर्ल्ड स्पायडर ट्रेट’, २०२१ पासून आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात तो ठेवलेला आहे. स्टानो पेकार आणि अनेक देशांतले कोळीतज्ज्ञ त्यामागे आहेत. त्याची मांडणी वर सांगितली तशीच, ओळीओळींची. नावे बर्नच्या कॅटलॉगशी जोडलेली असतात, आलेला संच संपादक तपासतात, आणि कोणते रकाने कसे भरायचे याचा तयार तक्ता मिळतो. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी ‘अराक्नो’ नावाचे पॅकेज आहे, ते कॅटलॉग आणि हा डेटाबेस दोन्हींतून माहिती ओढून आणते. समशीतोष्ण युरोपातल्या जातींबद्दल जगाला बरेच ठाऊक आहे. आपल्याकडच्या जातींच्या बाबतीत कित्येकदा मूळ वर्णनातली मापे सोडली तर काहीच नाही. तुमच्या ओळींची किंमत तिथे कळेल. स्थानिक वेबसाइट मात्र प्राचार्य बदलले किंवा डोमेनचे पैसे भरायचे राहिले की नाहीशी होते. तो तक्ता पहिल्या दिवसापासून जशाच्या तसा वापरा, पर्याय निवडायची यादी लावलेल्या गूगल शीटमध्ये भरा, महिन्याला सीएसव्ही काढून झेनोडोवर ठेवा. जातीची मराठी पाने शाळांसाठी हवीच असतील तर याच ओळींतून नंतर बनतील, आणि ती बनलेली मला आवडतीलच.

पहिला संच कशाचा करावा? घाटातले दुर्मीळ कोळी राहू द्या. महाविद्यालयाच्या आजूबाजूला भातशेती असणारच. चुडाच्या बुडाशी पाण्यावरून धावणारा पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा, पानाला समांतर अंग ताणून बसलेला टेट्राग्नाथा, पानांवर उड्या मारणारा ऑक्सिओपस. तपकिरी तुडतुडे खाणारे हे कोळी कृषी विभागालाही हवे असतात. प्रत्येकाची शिरोवक्षाची रुंदी, पाण्यापासून किती उंचीवर सापडला, तोंडात काय होते, आणि पार्डोसाच्या माद्यांची अंडी. इतकेच चार गुणधर्म, लावणीपासून कापणीपर्यंत, सगळ्या गटांनी एकाच पद्धतीने. मोजायच्या व्याख्यांचे पान आणि सूक्ष्मदर्शकातल्या पट्टीचे प्रत्येक झूमवरचे प्रमाण मे महिन्यातच पक्के करून घ्या, लावणीला सुरुवात झाली की निम्मी मुले घरच्या शेतात असतात.